नखासमधली दोन गिऱ्हाइकं

दीनानाथ चौबळ लखनौच्या मानक नगरमधल्या रेल्वे संशोधन संस्थेतून निवृत्त झाले, शहरातल्याच महानगर नावाच्या वस्तीत फ्लॅट घेतला आणि त्यातली एक खोली युद्धांना देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धातली फौजभरतीची पोस्टरं, अफवा पसरवू नका असं उर्दूत बजावणारी, बासष्ट साली जवानांसाठी स्वेटर विणायला सांगणारी. शिवाय बिल्ले, शिट्ट्या, हवाई हल्ल्याच्या वेळी गस्त घालणाऱ्या वॉर्डनचं पत्र्याचं हेल्मेट. पत्नी मधुमती सहा महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे, अनघाकडे, बंगळुरूला गेली होती. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. "तुम्हीही या ना इकडे," ती फोनवर म्हणायची. पण पावसाळ्यात कागद दमट होतो, कसर लागते. दीनानाथरावांचा पाय काही घरातून निघत नसे.

या कागदांतलं त्यांच्याइतकं कळणारा लखनौत एकच माणूस होता. इंद्रजित माथुर, निवृत्त वकील. दर रविवारी नखासच्या जुन्या बाजारात दोघं समोरासमोर यायचे. "आदाब, चौबळ साहब. आज क्या छुपाया?" माथुर पिशवीकडे बघत विचारायचे. "कुछ नहीं. रद्दी है," असं दीनानाथरावांचं ठरलेलं उत्तर. एकदा दीनानाथराव घासाघीस करत उभे असताना माथुरांनी मागून हात घालून दुकानदाराच्या तळव्यावर नोटा टेकवल्या आणि काळा पडदा ओढणाऱ्या बाईचं ब्लॅकआउटचं पोस्टर उचलून नेलं. सबंध हिवाळाभर दीनानाथराव त्यांच्याशी बोलले नाहीत. एकमेकांच्या घरी तर कुणीच कधी गेलं नाही. आपल्याकडे काय आहे ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हाच सगळा खेळ होता.

मग सलग काही रविवार माथुर दिसले नाहीत, आणि एके दिवशी त्यांच्या सुनेचा, हिमानीचा फोन आला.

"अंकल, बाबूजी नहीं रहे. हम लोग गुड़गाँव शिफ्ट हो रहे हैं. बाबूजी कहते थे, इन काग़ज़ों की सही क़ीमत बस चौबळ साहब बताएँगे."

दीनानाथराव खिशात भिंग घालून लखनौच्याच लालबागेत, माथुरांच्या घरी पोचले. माथुरांच्या पलंगावर आणि जेवणाच्या टेबलावर हिमानीने सगळा पसारा मांडून ठेवला होता. ते एकेक कागद खिडकीशी नेऊन बघू लागले. घडीवर किती चिरलाय, कडा कापल्यात का, चिकटपट्टीचे डाग आहेत का. एक भरतीचं पोस्टर भिंगाखाली धरून त्यांनी हिमानीला दाखवलं.

"ये बारीक बिंदियाँ दिखती हैं? ये नयी कॉपी है. पुरानी छपाई में रंग ऐसे नहीं टूटता."

"बाबूजी को पता था?"

"ज़रूर पता होगा," ते म्हणाले. माथुर फसले असतील हे त्यांना पटेना.

पलंगाखालच्या शेवटच्या गुंडाळीत पासष्टच्या युद्धातलं एक पोस्टर होतं. आगगाडीचा डबा, खिडक्यांतून वाकलेले जवान, सगळे डावीकडे बघत हात हलवताहेत, आणि खाली 'स्टेशन पर उसका हौसला बढ़ाइए'. दीनानाथराव ते हातात धरून तसेच उभे राहिले. मग, "मी आलोच," असं चक्क मराठीत म्हणून खाली उतरले आणि रिक्षा करून घरी गेले.

त्यांच्या खोलीत दारासमोर एक पोस्टर लावलेलं होतं. फलाटावर एक बाई, कडेवर मूल, हात उंच केलेला. खाली 'अपना बेटा जा रहा है'. कागद उजवीकडे तिथेच संपत होता. गाडी न दाखवता निरोप दाखवणाऱ्या त्या चित्रकाराचं त्यांनी वर्षानुवर्षं मनातल्या मनात कौतुक केलं होतं.

लालबागेत परत येऊन त्यांनी दोन्ही कागद टेबलावर कडेला कड लावून ठेवले. फलाटाची रेघ जुळली. बाईचा हात आणि जवानांचे हात समोरासमोर आले.

"अरे! ये तो एक ही है!" हिमानीने मोबाइलवर फोटो काढला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

दीनानाथराव खुर्चीत बसले. दोघं दर रविवारी हातभर अंतरावर उभे राहत होते. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी पिशवी उघडून दाखवली असती! आता इतका आनंद झाला होता आणि तो ज्याला सांगावा तो माणूस समोरच्या भिंतीवर हार घालून होता. त्यांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात घालवला.

हिमानी बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "इन्हें अलग-अलग मत बेचिए. दोनों साथ ही दीजिए. किसी म्यूज़ियम को मिले तो सबसे अच्छा."

"पर एक तो आपका है, अंकल."

"आधा रखकर मैं क्या करूँगा?"

"तो बाबूजी वाला आप रख लीजिए ना."

दीनानाथरावांनी नकारार्थी मान हलवली. घरी ते दोन्ही मिळून बघणारं तरी कोण होतं? त्यांनी दोन्हींच्या मध्ये पातळ कागद घालून स्वतःच्या हाताने एकच गुंडाळी केली आणि फीत बांधून हिमानीकडे दिली.

दिल्लीच्या एका संग्रहालयाने ती घेतली. तसं कळवताना हिमानीने त्या दिवशीचा फोटोही पाठवला. दीनानाथरावांनी तो लगेच मधुमतीला पाठवला. थोड्या वेळाने तिकडून एक अंगठा आला.

त्यांनी फोन लावला.

"अगं, फोटो नीट पाहिलास का? मधली रेघ दिसली?"

"कुठली रेघ? थांबा हं, यशला भरवतेय." पलीकडे वाटी-चमच्याचा आवाज येत होता, नातू काहीतरी मागत होता. "बोला तुम्ही, ऐकतेय मी."

दीनानाथरावांनी माथुर कोण इथपासून सुरुवात केली. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. मग बराच वेळ तेही आलं नाही, तरी ते सांगत राहिले.