न थांबणारा ‘बास’

कायद्याचा हेतू उदात्त होता, याविषयी दुमत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्या काळ्या मालकांकडून मोठ्या कंपन्यांनी माल घ्यावा, एवढेच तो सांगत होता. मात्र उइटेनहेग गावच्या नोलुवुयो गिरानाला आपण मालकीण आहोत हे सिद्ध करावे लागत होते. आणि हे काम खोट्यांना नेहमीच अधिक सफाईने जमते.

कोवळ्या वयात ती हेनी लाटेगनच्या शिवणकारखान्यात धागे कातरायला लागली. पुढे कापणी शिकली, मुकादम झाली, आणि हेनी कुलूप लावायला निघाला तेव्हा स्वतःचे घर गहाण टाकून तिने कारखाना विकत घेतला. त्या जुनाट मशिनांची नस हेनीखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून त्यालाच पगारावर ठेवले. बायका तिला ‘सिसी’, म्हणजे ताई म्हणत; त्याला मात्र अजूनही ‘बास’. इथे गोऱ्या धन्याला बास म्हणण्याची रीत. आपल्या मराठीत बास म्हटले की गोष्ट थांबते. हा बास धनीपण गेले तरी थांबत नाही.

मोटार कारखान्यातल्या कामगारांचे जाड पोशाख, म्हणजे डांगऱ्या, शिवण्याचे काम काळ्या मालकीच्या दाखल्यावर अवलंबून होते, आणि गहाण घर त्या कामावर. गोऱ्यांनी नावापुरती मालक म्हणून पुढे केलेली काळी बुजगावणी हुडकणारा तपासनीस रामोशाबा आज येणार होता.

“जिभेला टाका घाला गं आज,” नोलुवुयोने सकाळीच बजावले. “ओम हेनी म्हणा, काका म्हणा. पण तो शब्द नको.”

“मी तर आज मुकीच, सिसी,” म्हातारी नोसाखेले म्हणाली. “माझ्या नवऱ्याला कळलं तर आनंदानं बकरं कापेल!”

रामोशाबाने कापडाचा भाव विचारला, पगार विचारले, दर कोण ठरवतो ते विचारले. नोलुवुयो अडखळली नाही. बायकांनीही शब्द पाळला. तो वही मिटणार, इतक्यात कडाड्‌कन आवाज झाला. नोसाखेलेची बाही मशिनच्या पट्ट्यात ओढली गेली.

“बास! बास, धावा!”

ओरडली होती नोलुवुयो.

हेनीने बटण बंद करून, पट्टा उतरवून बाही सोडवली. म्हातारीला खरचटलेही नव्हते. पण सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

“मॅडम, हाक कुणाला मारलीत?” रामोशाबाने विचारले.

“मेकॅनिकला.”

“मेकॅनिकला बास म्हणता?”

“सवय आहे. आईची होती, तिच्या आईचीही.”

“सवय त्यालाही असेलच की. त्याला कामावरून काढू शकता?”

“हो.”

हेनी मशिनपाशी वाकूनच पुटपुटला, “मग काढ, पोरी. आत्ता, याच्यादेखत. काढ म्हणतो ना!”

दाखला हाताशी आला होता. फक्त हेनीचे ऐकायचे होते. आयुष्यभर ऐकले, तसेच.

“ओम हेनी, तोंड बंद,” ती म्हणाली. “मशीन जोडा.”

“अगं, पण—”

“जोडा म्हटलं ना.”

तो जोडू लागला. रामोशाबाने पेनाला टोपण लावले.

“हुकूम कोण कुणाला देतं, ते मला समजलं नाही, मॅडम. दाखला देता येणार नाही.”

“आणि काढलं असतं तर?”

“बहुधा दिला असता.”

“म्हणजे त्याचं ऐकलं असतं, तर मी मालकीण!”

रामोशाबाने वही मिटली. तो गेला.

“आता, सिसी?” नोसाखेलेने विचारले.

“शाळेच्या गणवेशाचं कापड काढा. डांगऱ्या गेल्या.”

गहाण घरही आता जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिने कात्री उचलली.