भाऊंच्या मळ्यातलं भरीत

जळगावच्या एमआयडीसीत चटयांच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं माल रवाना करायचं काम केलं. तिथे मालकाला साहेब म्हणायचं नाही, भाऊ म्हणायचं. "आपण बठ्ठे एकाच घरातले," असं त्यांनी मुलाखतीतच सांगितलं होतं. मी येडा, खूश झालो.

घरातले म्हणजे काय, ते पुढे कळलं. रविवारी भाऊंचा सोफा हलवायला आम्हीच. आणि हिवाळ्यात त्यांच्या मळ्यावर भरीत पार्टी, तीही हजेरी लावून!

त्या वर्षी पार्टीच्या आदल्या दिवशी धुळ्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुसऱ्या डोळ्याने तिला नुसता उजेड कळायचा, म्हणजे भिस्त या एकावरच. पट्टी रविवारी दुपारी सुटणार होती. "आधी तुझं तोंड पाहीन, मग बाकीच्यांचं," असं तिने फोनवर बजावलं होतं. मी दोन दिवसांची रजा मागितली, तर भाऊंना वाईट वाटलं.

"अरे, रजा मालकाकडे मागतात. भावाकडे कोणी रजा मागतं का?"

झालं! आता अर्ज करायचा तरी कोणाकडे?

रविवारी अकरा वाजता मी कपाशीच्या पेटत्या पऱ्हाट्यांपुढे बसून वांगी भाजत होतो. धुराने डोळे चुरचुरत होते. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, "हसा रे, हसा!" माझं टाळकंच सरकलं. चिमटा खाली टाकला.

"भाऊ, येतो मी. धुळ्याला जातोय, आईकडे."

"कोणाला विचारून?"

"विचारून नाही, सांगून. भावाला सांगूनच जातात."

कोणीतरी फिसकन हसलं. भाऊंचा चेहरा लालबुंद झाला. "उद्यापासून येऊ नको!" सहा वर्षांत पहिल्यांदा ते मालकासारखे बोलले.

दवाखान्यात पोचायला तीन वाजले. पट्टी एक वाजताच सुटली होती. आई मात्र खाटेवर तळहाताने डोळा झाकून बसलेली. "दोन तास झाले, हात काढत नाहीये," बहीण वैतागून म्हणाली.

मी समोर बसलो. "आई, आलो मी."

तिने हात काढला, मला निरखलं आणि रडायलाच लागली. "डॉक्टरले बलाव वं! डोया बिघाडा यास्नी. हाऊ इतला काया कसा दिसस?"

"डोळा नाही बिघडला, हाच काळा झालाय," बहीण हसू लागली. मी तोंडावरून हात फिरवला तर हाताला काजळी. आईने पदर ओला करून माझा गाल खसाखसा घासला, पुन्हा निरखलं.

"हां," ती म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या शे."