घुबड झोपेपर्यंत

"दोन मिनिटाचं काम आहे जी," असं म्हणून सर मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि काटे स्वतःकडे करून टेबलावर ठेवायचे. मग बाह्या दुमडायच्या, चष्मा कपाळावर न्यायचा आणि कामाला भिडायचं. काम झालं तर घड्याळ पुन्हा मनगटावर. नाही झालं तर ते तिथेच राहून जायचं. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाने कधी ना कधी सरांचं घड्याळ त्यांना नेऊन दिलेलं आहे.

मी तिथे नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. सर भौतिकशास्त्राचे, निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली. मूळचे मोहगावचे, घर सौंसरला; पांढुर्ण्यात एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी जायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: शाळेची घंटा बिघडली, पाण्याचा पंप अडला, प्राचार्यांच्या घरचा मिक्सर फिरेना, की सगळे त्याच्याकडे. सर आधी विचारायचे, "याचा कागद कुठी आहे?" वस्तूसोबत आलेलं माहितीपत्रक ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. जगात न सुटणारं काही नाही, लोकांना वाचायचा कंटाळा असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी सरकारी योजनेतून शाळेला कॉम्प्युटर मिळाला. टीव्हीसारखा पडदा, टाइपरायटरसारखा की-बोर्ड, एक टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी. भूगोलाची खोली रिकामी झाली, खिडक्यांना पडदे लागले, चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. प्राचार्य नारळ घेऊन आले. सर दारात आडवे उभे राहिले.

"फोडा जी, पण तिकडे व्हरांड्यात फोडा. पाणी आत गेलं तर उद्घाटनातच समारोप व्हायचा."

कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली की ती पाच-सहा मिनिटं कर्कश किंचाळायची आणि त्या किंचाळण्यातून पडद्यावर चित्र उमटायचं. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि पांढुर्ण्यात वीज मध्येच जायचीच.

पहिली कॅसेट अकरावीच्या गणिताची होती. ती प्रवासात उन्हाने वाकडी झाली होती. दुसरी कॅसेट चांगली होती, पण खोकं भरताना कुणाची तरी गफलत झाली असावी. ती तीन ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी होती. त्यात एक ससा होता. त्याला रानातून घरी जायचं होतं आणि वाटेत तीन दारं होती. दार उघडायचं तर त्या दाराचं कोडं सोडवायचं.

"बाई, हे तर लेकराचं काम आहे," सर मला म्हणाले आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

पहिल्या दारावर गोल, त्रिकोणी आणि चौकोनी भोकं होती, त्यांच्या त्यांच्या किल्ल्या लावायच्या. अर्ध्या मिनिटात झालं. दुसऱ्या दारी बदकं लहान-मोठ्या क्रमाने लावायची होती. तेही झालं. तिसऱ्या दारावर एक फांदी होती आणि फांदीवर मोठ्या डोळ्यांचं घुबड बसलं होतं. बस, एवढंच. किल्ली नाही, बदक नाही, काही नाही.

सरांनी एक बटण दाबलं. घुबड दचकलं, पंख फुलवून "घू" म्हणालं आणि पुन्हा डोळे वटारून बसलं. दुसरं बटण, पुन्हा "घू." सरांनी कागद शोधला. कागद आलेलाच नव्हता. पडद्यावरही अक्षर नव्हतं, कारण ज्यांच्यासाठी खेळ होता त्यांना वाचता येत नाही.

"याच्यात वाचायलेच काही नाही बाई," सर म्हणाले. मी त्यांना इतकं हताश झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगवही काढली. की-बोर्डवरचं प्रत्येक बटण क्रमाने दाबायचं आणि नोंद करायची. ती वही मी पाहिली आहे. 'बटण पहिले. निरीक्षण: घुबड दचकले. बटण दुसरे. निरीक्षण: घुबड दचकले.' अशी पाच पानं, आणि शेवटी 'निष्कर्ष' या शब्दापुढे कोरी जागा. मग दोन-दोन बटणं एकदम दाबून झाली. मिसरूड फुटलेली अकरावीची पोरं मधल्या सुट्टीत येऊन नशीब अजमावून गेली. "सर, घुबडच बेकार आहे," असा त्यांनी निकाल दिला.

दर महिन्याला कॉम्प्युटरचा अहवाल छिंदवाड्याच्या जिल्हा शिक्षण कार्यालयाला पाठवावा लागे, आणि आमचा भाग मध्य प्रदेशात असल्याने हिंदीतून. दुसऱ्या कुणी 'कार्य संतोषजनक' लिहून सही ठोकली असती. सरांनी लिहिलं: 'दो द्वार खुल गए हैं. तृतीय द्वार अब तक नहीं खुला.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'द्वार की मरम्मत शीघ्र कराई जाए.'

आणि उत्तरापाठोपाठ सावरगावहून एक सुतार आला, खांद्यावर पिशवी, पिशवीत रंधा. "कोनता दरवाजा अडते सर?"

सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. सुतार स्टुलावर बसला. सगळं नीट पाहून घेतलं, चार-सहा बटणं दाबली, चार-सहा वेळा घुबडाची बोलणी खाल्ली. मग उठून म्हणाला, "याले तं कडीच नाही जी. सांगा आता, पकडू कुठी?"

शाळेच्या आवारात मागे एका पत्र्याच्या खोलीत बालवाडी भरायची. आमच्या शाळेची आया कांताबाई, तिची चार वर्षांची मुलगी सुजाता तिथे जायची, म्हणजे जायला निघायची. वाटेत कॉम्प्युटरच्या खोलीची खिडकी लागे. कॅसेट किंचाळायला लागली की पडद्याच्या फटीत तिचं नाक दिसायचं.

लहान मुलांशी कसं बोलतात हे सरांना माहीत नव्हतं. त्यांची स्वतःची पोरं सौंसरला त्यांच्या नजरेआड मोठी झाली होती. त्यामुळे ते चार वर्षांच्या पोरीलाही अहो-जाहो करायचे.

"काय पाहिजे तुम्हाले?" त्यांनी एकदा खिडकीकडे बघून विचारलं.

"ससा," सुजाता म्हणाली.

मी तेव्हा तिथेच वह्या तपासत होते. तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं. किल्ल्या लावल्या तिने. बदकांशी मात्र थोडं भांडण झालं. ती सगळ्यात मोठं बदक पुढे घेत होती. "माय समोर चालते ना," हे तिचं कारण होतं. सरांनी अतिशय आदराने तिची समजूत घातली. मग घुबड आलं. तिने एक बटण दाबलं. घुबड दचकलं, सुजाता खिदळली. सवयीने सरांचा हात पुढच्या बटणाकडे गेला.

"थांबा ना! त्याले झोप येऊन राहिली."

तिने स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले आणि ती नुसती बघत बसली. घुबडाच्या पापण्या हळूहळू खाली आल्या. सरांनी त्या पापण्या शंभरदा खाली येताना पाहिल्या होत्या, आणि शंभरदा मशीन अडकलं असं समजून बटण दाबलं होतं. पापण्या आणखी खाली आल्या. मान एका बाजूला कलली. मग घुबड घोरायला लागलं आणि दार उघडलं.

ससा घरी पोचला. एक टिंगटिंग गाणं वाजलं, सशाने शेपटी हलवली आणि पडद्यावर पुन्हा पहिलं दार आलं.

"बस? इतकंच?" सर म्हणाले. एवढ्या तपश्चर्येनंतर त्यांना आणखी काहीतरी अपेक्षित असावं.

"पुन्हा लावा," सुजाता म्हणाली.

ती गेल्यावर सर तिच्या स्टुलावर बसले. मी वह्या आवरत होते. ते म्हणाले, "बाई, आमच्या वेळी बालवाडी कुठची जी? आठ वर्षांचा होईपर्यंत बकऱ्या चारल्या. माय दुसऱ्याच्या मळ्यात संत्रे तोडाले जाये. मास्तर घरी येऊन घेऊन गेले, एकदम दुसरीत बसवलं. तवापासून सगळे म्हनत आले, ऊठ, वाच, पुढं हो. गप बस, नुसता पाहात राहा, असं कोनी म्हनलंच नाही." मग स्वतःच हसले. "मी तं त्या पाखराले झोपूच देत नव्हतो."

पुढच्या अहवालात त्यांनी 'तृतीय द्वार खुल गया' असं लिहिलं, आणि कसं उघडलं तेही खरं खरं लिहिलं. झालं. छिंदवाड्याहून पत्र आलं की अभ्यासक्रमाबाहेरच्या कामासाठी मशीन वापरलं जात आहे. साहेब स्वतः पाहणी करतील आणि योग्य वाटल्यास ते दुसऱ्या शाळेला देतील.

सर चार दिवस जेवले की नाही कोण जाणे. त्यांनी स्वतः खपून एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात बटण दाबलं की तेराचा पाढा पडद्यावर यायचा. प्राचार्यांनी बजावलं, "फक्त पाढा दाखवा. सशाचं नाव काढू नका."

साहेब जीपने आले. सोबत ड्रायव्हर, त्याच्या खांद्यावर दोरी. मशीन बांधून न्यायची तयारी करूनच आले होते. सरांनी पाढा दाखवला. साहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"ये तो हमको भी आता है," ते म्हणाले. "और क्या है?"

सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी ससा लावला. कॅसेट किंचाळली, साहेबांनी कानांवर हात ठेवले, प्राचार्यांनी डोळे मिटले. "बच्चों का खेल है न? हटिए," म्हणत साहेब स्टुलावर बसले. किल्ल्या, बदकं, सगळं झटपट झालं. साहेब खुशीत आले. मग घुबड आलं.

दहा मिनिटं साहेब बटणं दाबत होते आणि घुबड त्यांच्यावर ओरडत होतं. साहेबांचे कान लाल झाले. ड्रायव्हरने दोरी खांद्यावरून हातात घेतली. सर काही सांगायला तोंड उघडत होते आणि प्राचार्य त्यांचा सदरा मागून ओढत होते.

सुजाता कधी आत आली कुणाला कळलं नाही. ती साहेबांच्या कोपराजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, हात काढा."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी भाषांतर केलं, "सर, कह रही हैं कि हाथ हटाइए."

साहेबांनी हात काढले. प्राचार्य लगेच "सर, दरअसल..." असं सुरू झाले.

"गप!" सुजाता म्हणाली. याचं भाषांतर कुणी केलं नाही.

मग त्या खोलीत आम्ही सगळे गप बसलो. साहेब मांडीवर हात ठेवून, प्राचार्य भिंतीला टेकून, ड्रायव्हर दोरी धरून, कांताबाई दारात पदर तोंडाला लावून. पंखा कुरकुरत होता. वीज जाऊ नये म्हणून सर पंख्याकडेच बघत होते. घुबडाने एक डोळा मिटला. मग साहेबांना मोठी जांभई आली. त्यांच्यामागे प्राचार्यांना आली. घुबडाने दुसरा डोळा मिटला, मान कलली, घोरणं सुरू झालं आणि दार उघडलं.

टाळी ड्रायव्हरने वाजवली.

साहेबांनी शेपटी हलवणाऱ्या सशाकडे बोट केलं. "एक बार और लगाइए," ते म्हणाले. असं तीनदा लावावं लागलं. जाताना त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'मशीन यहीं रहे. छोटे बच्चों को भी समय दिया जाए.'

त्यानंतर शनिवारची सकाळ बालवाडीची झाली. सर खुर्ची सोडून सतरंजीवर बसायला लागले. ससा सगळ्यांना पाठ झाला तेव्हा त्यांनी स्वतः एक खेळ बनवायला घेतला. त्यात एक बकरी होती, तिला जाम नदी ओलांडून घरी जायचं होतं. वाटेत संत्री निवडायची होती, लहान, मधली, मोठी. महिनाभर खपून त्यांनी तो मुलांपुढे लावला.

"हा कुत्रा आहे का सर?" एका पोराने विचारलं.

"बकरी आहे जी."

"शिंगं कुठी आहेत?"

शिंगं बसवायला सरांना आणखी तीन आठवडे लागले. सुजाताने मग बकरी पास केली. तिने एकच तक्रार केली, की बकरी घरी गेल्यावर तिच्या मायने तिला काही खायला दिलं नाही. सरांनी तेही वहीत टिपून घेतलं.

सर निवृत्त होऊन सौंसरला गेले. माझीही बदली झाली. अधूनमधून पत्र यायचं, मग यायचं थांबलं. ते गेल्याची बातमी मला उशिरा कळली. कळल्यावर मी सौंसरला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला. निवृत्तीनंतर मोहल्ल्यातली सगळी चिल्लीपिल्ली दुपारी यांच्याकडेच असायची, असं त्या सांगत होत्या. "एवढा मोठा मानूस, पन पोरायसंग लपाछपी खेळे जी. मले लाज वाटे."

आमचं बोलणं चालू असतानाच तीनेक वर्षांचा एक पोरगा उघड्या दारातून आत आला. चड्डीची नाडी लोंबत होती.

"सर कुठी आहेत?" त्याने विचारलं.

"नाहीत रे बाबू," वहिनी म्हणाल्या. "तुले सांगतलं ना काल."

त्याने मान डोलावली. मग सरळ आतल्या खोलीत गेला, गुडघ्यांवर बसला आणि चादर उचलून खाटेखाली वाकून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तो उठला, हात झटकले आणि कपाटामागे बघायला गेला.