नवरीचं नाव वगळून

गाणं करायचा मला कंटाळा येत नाही, त्याची पिल्लं काढायचा येतो. मी सोमाटण्याला राहते आणि एका संगीत लायब्ररीसाठी काम करते. जाहिरातवाले, मालिकावाले जिथून तयार संगीत परवाना घेऊन उचलतात, ती ही लायब्ररी. एक गाणं देऊन त्यांचं भागत नाही. तेच गाणं आवाजाशिवाय द्या, ढोलकीशिवाय द्या, एका मिनिटाचं द्या, तीस सेकंदांचं द्या, पंधराचं द्या, आणि नुसता शेवट वेगळा काढून द्या. प्रत्येक फाईलचं नाव त्यांच्या पद्धतीनं. एक टिंब इकडचं तिकडं झालं की सगळा गठ्ठा परत. म्हणजे स्वयंपाक एकच, पण पंगतीला बसलेल्या प्रत्येकाचं पथ्य वेगळं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना 'अस्सल गावाकडची हळद' हवी झाली. अस्सल हवी, पण गाण्यात कुणाचंही नाव नको. नाव आलं की गाणं साबणाच्या जाहिरातीला चालत नाही म्हणे. हळदीच्या गाण्यातून नावं काढली तर मागं काय उरतं, याचा विचार एसीत बसून हे लिहिणाऱ्यानं केलेला नव्हता. निस्तरायचं मला होतं.

तिकोणा पेठेच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या एका मावशींचा गळा मी एका लग्नात ऐकला होता, म्हणून त्यांच्याकडे गेले. मुद्दाम मधला वार गाठला, कारण शनिवार-रविवारी खाली पवना धरणाच्या काठावर सहलीच्या तंबूवाल्यांचे स्पीकर दणदणत असतात. तरी त्या दिवशीही खाली कुणाचा तरी वाढदिवस होताच. तो आटपेपर्यंत चहावर चहा झाला. मग मावशींच्या घरातच माइक लावले. आत मावशी आणि तीन शेजारणी, बाहेर ओट्यावर मावशींचे मालक. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते.

पहिल्याच कडव्यात मावशींनी एका मुलीचं नाव घेतलं.

"मावशी, नाव नको. नुसतं नवरी म्हणा."

"कुनाची नवरी? लय नवऱ्या हायत तालुक्यात."

"कुणाचीच नाही. गाणं कुणालाही लागू पडायला हवं."

"हळद कुनालाबी लावत्यात व्हय?" मावशी म्हणाल्या आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

तसं त्यांचं बरोबर होतं. हळदीला घरच्यांची नावं ओळीनं घ्यायची असतात, आणि एखाद्या मामाचं राहिलं तर तो वर्षभर फुगून बसतो. पण गंमत म्हणजे मामाचं नाव मावशींनी मुकाट्यानं गाळलं, करवलीचंही गाळलं. नवरीपाशी आल्या की मात्र तेच नाव. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच, आणि आता तर शेजारणीही ते झेलायला लागल्या. मी कपाळाला हात लावला. दर वेळी मावशी "इसरले बाई" म्हणायच्या आणि चेहऱ्यावर विसरल्याचा मागमूसही नसायचा. शेवटी कधीतरी एकदा त्यांच्या तोंडून 'नवरी' निघालं, तेही शेजारच्या घरातून उसनं आणल्यासारखं. तेवढं पदरात पाडून मी सामान आवरलं.

गाडीपर्यंत पोचवायला त्यातली एक शेजारीण आली.

"रागावू नगा ताई," ती म्हणाली. "मावशीच्या लेकीचं नाव हाय त्ये. पोरीनं दुसऱ्या समाजातल्या पोराशी कोर्टात लगीन केलं. देहूरोडला असती. हळद न्हाई, काय न्हाई. आबांनी सांगून ठिवलंय, ह्या घरात तिचं नाव निगायचं न्हाई. आज रेकॉर्डिंग हाय म्हनून निगालं."

मग तिनं माझ्या मोबाइलमध्ये एक नंबर टाकला. "नाव हाय ते गानं तिला धाडा. मावशीनं सांगितलंय."

मला रागच आला. दुपारभर मी घसा कोरडा करत होते आणि ही बाई सगळं समजून उमजून करत होती! पण चिडायचं कुणावर? मावशींवर चिडायला मन होईना, आणि लायब्ररीवर चिडून उपयोग नव्हता. सगळी चिडचीड तशीच घेऊन सोमाटण्याला आले आणि कापाकापीला बसले.

ते एकुलतं एक 'नवरी' उचलून सगळीकडे चिकटवलं. नाव गेलं, पण नावाआधी मावशी जो श्वास घ्यायच्या तो जाईना. कापला की पुढचा शब्द लंगडायचा, ठेवला की वाटायचं आता काहीतरी येणार, आणि यायची ती उसनी नवरी. पंधरा सेकंदांच्या फाईलमध्ये तर गाण्यापेक्षा श्वासच जास्त. त्यावर लायब्ररीचा निरोप: छान आहे, फक्त श्वास थोडा कमी करता येईल का? मी स्क्रीनला यथेच्छ शिव्या दिल्या, श्वास कमी केला आणि सगळ्या फाईली त्यांच्या पद्धतीच्या नावांनी पाठवून दिल्या.

नाव असलेलं गाणं देहूरोडच्या नंबरवर पाठवलं. तेही छान साफ करून. भांडी, कोंबड्या, माझ्या सूचना, सगळं काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. गाण्याबद्दल चकार शब्द न काढता तिनं विचारलं, "आबा घरी नव्हते ना तेव्हा?"

"होते. ओट्यावर बसले होते."

"मग नाव ऐकून उठून गेले असतील."

"नाही गेले."

"काहीच म्हणाले न्हाईत?"

तेव्हा मला आठवलं. तिसऱ्या वेळी माझा संयम सुटला होता आणि नाव थांबवा म्हणून मी मावशींवर चक्क ओरडले होते. त्यावर बाहेरून आबा काहीतरी बोलले होते. त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं की माइकमध्ये बाहेरचा आवाज शिरला, म्हणजे हेही गाणं वाया गेलं.

"म्हणाले की," मी सांगितलं. "'म्हनू द्या की तिला,' असं म्हणाले."

तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "ते हाय का तुमच्याकडं? आबांच्या तोंडचं?"

कापलेलं मी फेकत नाही, या धंद्यात कधी काय मागतील सांगता येत नाही. शोधल्यावर सापडलं. आबांचे शब्द माझ्या ओरडण्याला अगदी चिकटून होते. मेहनत घेतली असती तर वेगळे काढता आले असते. मी नाही काढले, तुकडा होता तसाच पाठवला. त्यात मी ओरडते, मावशी गप्प होतात, बाहेरून आबा बोलतात, आणि मावशी गाणं पहिल्यापासून धरतात, लेकीच्या नावासकट.