चिमाजींचं ‘हात्तिच्या’

भोसरीतल्या एका कारखान्यात माल रवाना करायचं काम चिमाजी लांडग्यांकडे होतं आणि बूड टेकून बसणं त्यांना जन्मात जमलं नाही. उभा ट्रक पाहिला तरी ते त्याच्याभोवती चकरा मारायचे. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या आठवड्यात तर त्यांनी येरझाऱ्या घालून बायकोनं, सोजराबाईंनी, नुकतीच सारवलेली जमीन उखडली.

कारण होतं नूरमोहम्मदची चकती. नाक्यावर ट्रान्सपोर्टचं बुकिंग घेणाऱ्या या दोस्तानं बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यातून दोन चकत्या कापून एकीवर एक बसवल्या होत्या. कडेला लिहिलेल्या गावासमोर मालाचं वजन आणलं की एका खिडकीत वजनाचं भाडं दिसे, मालाचं माप आणलं की दुसरीत ट्रकमध्ये अडणाऱ्या जागेचं. जे जास्त, ते लावायचं. पेटंटसाठी त्यानं अर्ज केला, तर चाकण रस्त्यावरच्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यानं हरकत घेतली. म्हणे, धंद्यातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला हे सहज सुचलं असतं, मग पेटंट कसलं!

आता जाणता माणूस कोण? दोन्ही बाजूंनी चिमाजींचंच नाव घेतलं. सुचलं असतं की नसतं, एवढंच त्यांनी शपथेवर सांगायचं होतं.

घोटाळा असा, की चकती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहाच्या टपरीवर, भर गर्दीत चिमाजी ओरडले होते, “हात्तिच्या! एवढंच व्हय?”

“तुमचंच तोंड साक्षीला हाय, राव,” हरकतवाला आता हसून सांगत फिरत होता.

नूरमोहम्मद मात्र “खरं वाटंल ते सांग, भावा,” एवढंच म्हणून बिडी पेटवायचा आणि दुसरीकडे बघायचा. ते दुसरीकडे बघणंच चिमाजींना झोंबत होतं.

“सोपंच हाय की ते!” चिमाजी घरात भिंतीशी भांडत होते. “वजन, गाव, जागा, सगळं माझ्या डोक्यात असतंय. चकतीत नवं काय?”

“मग तुमी का न्हाई केली?” सोजराबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

“मला येळ कुठं हाय?”

“बिस्किटांचा डबा तर हाय. दाढीचं सामान ठेवता त्यात.”

चिमाजी थबकले. सहज सुचण्यासारखं होतं म्हणावं, तर इतकी वर्षं ते न सुचल्यामुळे आपण बैल ठरतो. नव्हतं म्हणावं, तर नूऱ्या आपल्याहून हुशार ठरतो. आणि तो रोज टपरीवर भेटणार!

“आन् हात्तिच्या म्हणालो त्याचं काय?”

“ठाऊक असल्याला कोण हात्तिच्या म्हणतं? रोजच्या भाकरीला म्हणता का कधी?”

दुसऱ्या दिवशी शपथपत्र करणाऱ्या वकिलाच्या टेबलाभोवती तीन चकरा मारून चिमाजींनी सांगितलं, “मला सुचलं नसतं. लिहा. पण ‘नसतं’ जरा बारीक अक्षरात टाईप करा.”

निकालाला अजून अवकाश होता. टपरीवर नूरमोहम्मदनं बातमी ऐकली, बिडी विझवली आणि सरळ चिमाजींच्या तोंडाकडे बघितलं.

“हात्तिच्या! एवढंच बोलायला आठवडा लागला व्हय रं?”

चिमाजींनी त्याला ढकलून बाकावर जागा केली आणि चक्क बसले.