पाळकसायबाले दिलेलं आमेन

जऊळक्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत माह्याइतकं खणखणीत आमेन कोनी म्हनत नाई. पाळकसायब म्हनायचे, "भाऊ, आधी माही प्रार्थना तं पुरी होऊ द्या."

माहं पंक्चरचं दुकान ठेसनाच्या रस्त्यावर. पाळकसायबाची जुनी मोपेड आठवड्यातून एकदा तरी तिथं येच. टायर बदला म्हनलं तं हसायचे. "बदललं तं तुमच्याकडं यायले निमित्त काय सांगू?"

प्रार्थनेत कोनाचा मोबाईल वाजला तं बाकीचे पाळक डोळे वटारतात. आमचे म्हनायचे, "उचला. तिकडं कोनी अडचनीत असन." अन् सारी मंडळी तेवढ्यापुरती गप बसे. एकदा माहाच वाजला. बायको होती, सैपाकाच्या मधात गॅस संपला म्हने. पाळकसायबानं त्या गॅससाठी प्रार्थना केली, अन् सभा संपल्यावर आपल्या घरचं भरलेलं सिलेंडर माह्या सायकलले बांधून देलं. "प्रार्थनेले हातपाय लागतात, भाऊ."

मंडळीच्या ग्रुपवर ते रोज सकाळी बायबलातलं वचन बोलून टाकत. मागं त्याइच्या घरचं मिक्सर चालू राहे. लोक म्हनत, लिहून काहून नाई टाकत? ते माह्यासाठी होतं, मले वाचता येत नाई म्हनून. पन हे त्याइनं कोनाले सांगतलं नाई.

मंग रविवारी दुपारी दुकानात बसून मले अक्षरं शिकवाले लागले. मी मोठा हुशार. त्याइच्याच आवाजातून एक लहानसं स्तोत्र पाठ केलं, अन् पुस्तकावर बोट फिरवत धडाधड वाचून दाखवलं. एक शब्द चुकला नाई. चुकाले आधी वाचा लागते. पाळकसायबाच्या डोळ्यात पानी आलं. त्याइनं भर सभेत सांगतलं, मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच्यानंतर दर रविवारी खरं सांगाले जात होतो, अन् त्याइचा चेहरा पाहून तसाच वापस येत होतो.

यंदा त्याइच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाज गेला. डॉक्टरनं भेटीगाठी बंद केल्या. सकाळी मोबाईल हातात घेऊन बसायची सवय, तं मी जुनंच वचन लावून मिक्सर आयकत बसो.

एक दिवस माह्या एकट्याच्या मोबाईलवर त्याइचं लिहिलेलं आलं. चार ओळी. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभे होते. सभेत टाळ्या घेतलेला मानूस, वाचून द्या म्हनाची लाज वाटली. वचनच असन, असं समजून बटन दाबलं अन् बोललो, "आमेन, पाळकसायब."

चौथ्या दिवशी ते गेले.

दफन झाल्यावर घरी येऊन मोबाईल बायकोपुढं ठेवला. तिनं वाचलं. "भाऊ, डॉक्टरनं आता भेटाले हो म्हटलं. माझा आवाज राहिला नाही, तुमचा आहे. माझ्यापाशी बसून मोठ्यानं प्रार्थना करा. वाट पाहतो." त्याच्या खाली माहं आमेन.

तसाच उठून पाळकीनबाईकडं गेलो. त्या पेंडॉलमधल्या खुर्च्या एकात एक लावून राह्यल्या होत्या. सारं सांगतलं, वाचाचं सोंगही सांगतलं. म्हनलं, "बाई, माह्या थापेनं पाळकसायबाचा जीव घेतला."

त्याइनं हातातली खुर्ची ठेवली.

"वाट तं पाह्यली त्याइनं. तुमचं आमेन आयकलं, म्हनजे तुमी येता असं समजले. हातानं खूण करून खाटेजवळ खुर्ची ठेवाले लावली. तीन दिवस तिथं कोनाले बसू देलं नाई."

मी खाली बसून रडाले लागलो.

"पन तुमच्यानं मेले नाई ते," बाई म्हने. "इतके मोठे नाई तुमी."