पिवळी पट्टी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते आमच्याच घरात...

पन्नासच्या दशकात आम्ही मुलुंडला राहायचो. मी कॉलेजात होते. लग्नगीतांवर संशोधन करायला हेल्गा नावाची जर्मन मुलगी आली होती. वडिलांच्या ओळखीने ती आमच्याकडे उतरली आणि दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली. तिला मराठीत 'पाणी' आणि 'पुरे' एवढंच यायचं.

भांडुपच्या आगरी वस्तीत जानकीबाय नावाची म्हातारी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवलारीण गाते, ते धवले. जानकीबायचे धवले दुसऱ्या कुणालाच येत नव्हते, आणि हेल्गाचा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा! ओळखीपाळखी काढत आम्ही तिच्या ओटीपर्यंत पोचलो, चहाही झाला. पण हेल्गाने माझ्या तोंडून "सहज म्हणून दाखवा" म्हटलं आणि तिथेच माशी शिंकली.

"सहज? लगीन नाय, हलद नाय, आन धवला गाऊ? घर बुडंल माजं!"

पुढच्या दोन खेपांना तिने दारही उघडलं नाही. हेल्गाची बोट आठवड्यावर आलेली. त्यात तिला सणकून ताप भरला. आई दिवसभर तिच्या उशाशी बसून कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. दुपारी तिने मला हाक मारली.

"अगं, पट्टी पिवळी निघतेय बघ. कावीळ तर नाही ना हिला?"

डॉक्टर आले, डोळे तपासले. म्हणाले, कावीळ-बिवीळ काही नाही, साधा ताप आहे.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तशी ही बया पुन्हा भांडुपला निघाली. मी वैतागले होते. म्हटलं, चल, शेवटचा नकार घेऊन येऊ. तर दार सताड उघडं आणि पाट मांडलेला!

"ये गो पोरी," जानकीबाय हेल्गाला म्हणाली. "काल अर्धाच झाला. आता पुढचा घे."

"आजी, काल ही तापाने अंथरुणात होती," मी म्हटलं.

"येडी का काय तू? दुपारची एकलीच आयली. आपल्या बोलीत बोलली — 'आये, तुज्यामागं ह्ये कोन गाईल?' मंग मला नाय म्हनवंना."

हेल्गा "काय म्हणतेय?" असं विचारत राहिली आणि मला इंग्रजीत एक वाक्य जुळवता येईना. म्हातारी मात्र गायला लागली. हेल्गाने भराभर लिहून घेतलं, लिहिता लिहिता रडली.

निघताना मला राहवलं नाही. "आजी, लग्नाशिवाय धवला चालत नाही ना?"

"पन हलद लागली ना! काल मीच लावली हिच्या कपालाला."

घरी आल्या आल्या आईला म्हटलं, "कालच्या पट्टीला तुझ्याच हाताची हळद लागली असणार."

"काल एकादशी होती," आई म्हणाली. "साबुदाणा आणि रताळी. हळदीचा डबा मी उघडलाच नव्हता."

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे मी पुढे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. त्या पट्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही...